चुकीला भाव आहे

पहिल्या गोष्टीचं आपल्याला फार अप्रूप. पहिला पाऊस, पहिला पगार, पहिला दिवाळसण. दुसऱ्या दिवाळसणाला जावयाला कुणी विचारत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण हे अप्रूप कधी दाखवलं नाही. उलट मुखपृष्ठावर ‘दहावी आवृत्ती’ असं ठसठशीत छापलेलं दिसलं की आपला हात आधी तिकडे जातो. नऊ आवृत्त्या खपल्या त्या अर्थी पुस्तकात काहीतरी असणारच, हा आपला सरळ हिशेब. ‘पहिली आवृत्ती’ असेल तर मन जरा कचरतं. अजून कुणी वाचलेलं नाही, पैसे आपलेच बुडायचे!

जगात एक जमात मात्र अशी आहे की तिला दहावी आवृत्ती फुकट दिली तरी ती उंबऱ्याच्या आत घेणार नाही. या जमातीला आधुनिक कादंबऱ्यांची पहिली आवृत्ती हवी असते. तीही नुसती पहिली आवृत्ती नव्हे, पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण. पुस्तक खपलं म्हणून प्रकाशकाने महिन्याभरात अक्षरही न बदलता पुन्हा छापलं, तर त्या दुसऱ्या खेपेच्या प्रतीकडे हे लोक ढुंकून पाहत नाहीत.

आमच्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे काचेचं कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुठे असते ते वहिनींनाही ठाऊक नाही. आतल्या प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टण. “यातली वाचलीत किती?” असं मी एकदा विचारलं.

“सगळी. पण ही नव्हेत,” ते म्हणाले. “ही कशी वाचणार? खराब होतील ना!”

वाचण्यासाठी त्यांच्याकडे त्याच कादंबऱ्यांच्या पेपरबॅक प्रती आहेत. म्हणजे एक पुस्तक वाचायला आणि एक ओवाळायला. चहाचा कप ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं, “अहो, पण या कपाटातल्यांत गोष्ट काही वेगळी आहे का?”

“गोष्ट तीच आहे,” गृहस्थ म्हणाले, “पण यांच्यात चुका आहेत!” आणि हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की आपल्या पेपरबॅकमध्ये चुका नाहीत याची मला उगीच लाज वाटली.

पुढे या विद्येची थोडी माहिती झाली तेव्हा कळलं की गृहस्थ अगदी शास्त्रोक्त बोलत होते. पहिलं मुद्रण ओळखण्याच्या खाणाखुणांत मानाचं पान मुद्रणदोषाला असतं. सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण हॅरी पॉटरचं. जून १९९७ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरीने या मालिकेतली पहिली कादंबरी काढली, तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रंथालयांकडे गेल्या. या पुस्तकाच्या ५३व्या पानावर हॉगवर्ट्स शाळेत नव्या विद्यार्थ्याने काय काय आणायचं याची यादी आहे. त्या यादीत जादूची छडी दोनदा आली आहे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मराठी पालकाला यात काही वावगं वाटणार नाही. शाळेच्या यादीत एखादी वस्तू दोनदा असणं आणि आपण ती निमूटपणे दोनदा आणणं हा आपला नेहमीचा अनुभव आहे. पण संग्राहकाच्या लेखी या दुसऱ्या छडीत खरी जादू आहे.

अर्थात एकट्या छडीवर भागत नाही. मागच्या मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावातल्या ‘फिलॉसॉफर’ या शब्दातलं एक ‘ओ’ गळलेलं हवं. हक्काच्या पानावर लेखिकेचं नाव जे. के. नव्हे, तर ‘जोॲन रोलिंग’ असं हवं. आणि त्याच पानावर दहापासून एकपर्यंत उतरत आलेले आकडे हवेत. एवढं सगळं जुळून आलेली एक प्रत २०२१ साली अमेरिकेत लिलावात ४,७१,००० डॉलरना गेली. मुद्रितशोधकाने त्या दिवशी डोळे उघडे ठेवले असते तर खुणांतली ही दोन रत्नं कुणाच्या हाती लागलीच नसती. निष्काळजीपणाचं इतकं चीज दुसऱ्या कुठल्याच नोकरीत होत नसेल.

पॉटर तर अलीकडचा. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्सने प्रसिद्ध केली. तिच्या २०५व्या पानावर ‘सिक अँड टायर्ड’ बोलण्यात जसं जोडून येतं तसं ‘सिकन्टायर्ड’ हवं होतं, तिथे ‘सिक इन टायर्ड’ असं पडलं. कंटाळून थकलेला जुळारी असावा. वेष्टणाच्या मागच्या बाजूला त्याहून मोठी गंमत झाली. नायकाच्या ‘जे’ या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं होतं, ते लहान लिपीतलं पडलं. वेष्टणं छापून झालेली. मग प्रकाशकाने ते अक्षर हाताने दुरुस्त करून घेतलं. आज संग्राहक भिंग घेऊन बघतो ते नेमकं हेच: चूक आहे ना, आणि ती हाताने सुधारलेली आहे ना.

टॉल्किनच्या ‘द हॉबिट’चंही असंच. सप्टेंबर १९३७ मध्ये १,५०० प्रती निघाल्या. वेष्टणाच्या आतल्या मुडपीवर लुइस कॅरलचा त्याच्या खऱ्या आडनावाने उल्लेख आला आणि ‘डॉजसन’च्या स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ई’ शिरला. प्रकाशकाच्या माणसांनी बसून प्रतीप्रतीवर तो ‘ई’ शाईने खोडला. त्या कारकुनांनी मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते सोडा, पण त्यांच्या पेनाची ती काट आज अस्सलपणाची मोहोर झाली आहे. हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’मध्ये १८१व्या पानावर ‘स्टॉप्ड’ या शब्दात ‘पी’ दोनऐवजी तीनदा आला आहे. थांबायचं कुठे हे जुळाऱ्याला नेमकं त्याच शब्दात कळलं नाही.

आणि जॉइसची ‘युलिसिस’! १९२२ साली पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेत्या बाईंनी ती काढली. छापली दिजाँ गावच्या छापखान्यात, इंग्रजी न येणाऱ्या फ्रेंच जुळाऱ्यांनी. जॉइस प्रुफांवर शेवटपर्यंत नवा मजकूर वाढवत राहिला. व्हायचं ते झालं. अपरिहार्य मुद्रणदोषांबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी, अशी विनंती बाईंना पुस्तकातच छापावी लागली. एकूण प्रती एक हजार. वाचकांनी क्षमा केली की नाही कोण जाणे, संग्राहकांनी मात्र त्या चुकांसकट ते पुस्तक डोक्यावर घेतलं.

मग माझ्या मनात आलं की ज्या लेखकाने एकेका शब्दासाठी रात्री जागवल्या, त्याच्या पुस्तकाची सर्वांत महागडी प्रत कुठली, तर जी त्याला स्वतःला बघवली नसती ती. पहिली प्रत हातात आल्यावर लेखक आधी चूक शोधतो, कपाळाला हात लावतो आणि प्रकाशकाला पत्र लिहितो. पुढच्या मुद्रणात चूक सुधारते, लेखक सुखाने झोपतो आणि पुस्तकाचा भाव उतरतो.

चुका नसतील तर आकडे आहेतच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी प्रकाशकांनी हक्काच्या पानावर एकपासून दहापर्यंतच्या आकड्यांची ओळ छापायला सुरुवात केली. दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी त्यातला एक काढायचा, तिसऱ्याच्या वेळी दोन. जो सर्वांत लहान आकडा उरला असेल, तेवढवं ते मुद्रण. तयार प्लेटवर नवं काही चढवण्यापेक्षा असलेलं खरवडणं सोपं, एवढंच त्यामागचं कारण. काही प्रकाशक विषम आकडे डावीकडून आणि सम उजवीकडून मांडतात, म्हणजे दोन्हीकडचे आकडे गळत गेले तरी ओळ पानाच्या मध्यावर राहते. कुठे काय जपावं याची माणसांना किती हौस असते!

इथवर समजलं की आपल्याला वाटतं, झालं, आलं आपल्याला. तेवढ्यात रँडम हाउस समोर येतं. या प्रकाशनाने कित्येक वर्षं आकड्यांची ओळ दोनपासूनच सुरू केली. पहिल्या मुद्रणावर ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द आणि शेजारी दोनपासूनचे आकडे. दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी ते शब्द काढले की काम झालं. म्हणजे बाकी सगळीकडे दोन दिसला की पुस्तक खाली ठेवायचं आणि इथे दोन दिसला की छातीशी धरायचं. स्क्रिबनर्सने १९३० पासून पहिल्या मुद्रणाच्या हक्काच्या पानावर नुसतं इंग्रजी ‘ए’ हे अक्षर छापलं. १९५२ सालच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’वर हा ‘ए’ शोधायचा असतो. प्रत्येक प्रकाशनाची रीत निराळी, तीही दर काही वर्षांनी बदललेली. या रीतींची माहिती देणारी पुस्तकं आहेत आणि त्यांच्याही पहिल्या आवृत्त्या कुणीतरी जमवत असेल, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडच्या फुटपाथवर या शास्त्राची आणखी एक परीक्षा होते. चोरून छापणारे लोक मूळ पुस्तकाचं पानन् पान उचलतात, त्यात हक्काचं पानही येतं. त्यामुळे फोर्टात फुटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतीवरही दहापासून एकपर्यंत आकडे इमानेइतबारे उतरलेले असतात. आमचे गृहस्थ एकदा तिथे माझ्यासोबत होते. हवं ते पुस्तक दिसलं की आधी शेजारचं नको असलेलं उचलायचं, त्याची किंमत विचारून नाक मुरडायचं आणि मग सहज म्हणून हव्या त्या पुस्तकाकडे वळायचं, ही त्यांची पद्धत. विक्रेत्याने हे नाटक रोज पाहिलेलं.

“काका, ते राहू द्या. तुम्हाला हे पाहिजे ना? हे घ्या. ओरिजिनल आहे.”

“ओरिजिनल कशावरून?”

“कागद बघा ना काका. नकली असता तर एवढा पिवळा पडला असता का?”

युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. गृहस्थांनी पुस्तक उलटं केलं, वेष्टण बाजूला सारलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात, पाठीजवळ बोट फिरवलं. तिथे एक बारीकसा खड्डा होता. पुस्तक त्यांनी अलगद जागेवर ठेवलं. अमेरिकेत वर्गणीदारांना स्वस्तात पुस्तकं पुरवणारे बुक क्लब असत. त्यांच्या प्रती दिसायला हुबेहूब, पण कागद हलका, वेष्टणाच्या मुडपीवर किंमत नाही आणि पुष्कळदा मागच्या पुठ्ठ्यावर असा बिनशाईचा ठसा. संग्राहकांच्या जगात या प्रतीला शून्य मान. विक्रेता म्हणाला, “काय झालं काका? पन्नास द्या.” काकांनी पन्नासही दिले नाहीत. ते पुस्तक मी घेतलं, घरी आणून वाचलं. खड्ड्यामुळे गोष्टीत काही अडलं नाही.

किंमत छापलेली हवी, पण ती कापलेली नको, हेही एक आहेच. भेट देताना वेष्टणाच्या मुडपीचा किंमतीचा कोपरा कात्रीने तिरका कापण्याची सभ्य रीत इंग्रजी जगात होती. पाहुण्याला किंमत कळू नये हा हेतू. त्या सभ्यतेने पुढच्या पिढ्यांचं फार नुकसान केलं, कारण किंमत गेली की एक पुरावा गेला. व्लादिमिर नाबोकोव्हची ‘लोलिता’ १९५५ साली पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसने हिरव्या कागदी मुखपृष्ठाच्या दोन भागांत काढली. मागे किंमत छापली होती ९०० फ्रँक. पुढे किंमत वाढल्यावर काही प्रतींवर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवली गेली. चिठ्ठी नसलेली, ९०० फ्रँकवाली प्रत वरच्या पायरीची. म्हणजे पुस्तक जितकं स्वस्त होतं याचा पुरावा पक्का, तितकं ते महाग.

सगळ्यांवर कडी केली आहे ती वेष्टणाने, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी जॅकेटने. खरं म्हणजे धुळीपासून वाचवण्यासाठी घातलेला हा कागद. लोक तो घरी आणल्यावर फाडून टाकत, म्हणून आता तो दुर्मिळ. ‘गॅट्सबी’ची पहिल्या मुद्रणाची जॅकेट नसलेली प्रत काही हजार डॉलरना मिळते. फ्रान्सिस कुगाने चितारलेलं ते निळं मूळ जॅकेट अंगावर असलेल्या प्रती एक लाख डॉलरच्या पुढे गेलेल्या आहेत. पुस्तकाच्या अनेकपट किंमत त्याच्या अंगरख्याची! मग लबाडीही आली. एका फाटक्या प्रतीचं धड जॅकेट काढून दुसऱ्या धड पण उघड्या प्रतीला चढवतात. जाणकार मंडळी घडीच्या खुणा, उन्हाने उडालेला रंग, पाठीची उंची बघून हे ओळखतात, लग्नात मुलाने शेजारच्याचा कोट घालून आल्याचं वधूपक्षाला कळतं तसं.

पहिलेपणाचा वाद देशादेशांतही चालतो. लेखक ज्या देशाचा, त्या देशातली आवृत्ती खरी पहिली, असं एक मत. जगात कुठेही असो, तारखेने जी आधी ती पहिली, हे दुसरं. अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’च्या बाबतीत दोन्ही पक्ष गुण्यागोविंदाने नांदतात, कारण १९९७ साली ती आधी दिल्लीच्या इंडियाइंकने काढली आणि मग परदेशांत निघाली. त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. इंग्रजी वाचणाऱ्या एखाद्या घरातल्या फळीवर, आवळ्याच्या सुपारीच्या बरणीमागे, ही दिल्लीची प्रत आजही बसलेली असू शकते.

आणि मराठीत? मराठीत हे सगळं किती सोपं आहे! आपल्या प्रकाशकांनी आकडेबिकडे खरवडण्याच्या भानगडी केल्या नाहीत. मुखपृष्ठ उलटून दोन पानं पुढे गेलं की सारी वंशावळ समोर: पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी तमुक, तिसरी, पुनर्मुद्रण, शिवाय मुद्रक कोण, मुखपृष्ठ कुणाचं, किंमत किती. एकच ओळ असेल तर प्रत बहुधा पहिली. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६३ साली काढली. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडून येऊ लागली. प्रकाशकाचं नाव पाहिलं तरी अर्धं काम होतं. कधी सन नसतो, नुसतं ‘विजयादशमी, शके १८८५’ असं असतं. शकात ७८ मिळवायचे, सन १९६३ निघतो. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवायचे. पंचांग घेऊन पुस्तकाची आवृत्ती ठरवण्याचं सुख इंग्रजी संग्राहकाच्या नशिबी कुठलं!

आणखीही खुणा आहेत आणि त्या खास आपल्या आहेत. आत ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ असं लेखकाचं मनोगत असेल तर पुढे बघण्याची गरजच नाही. मराठी लेखक पहिल्या आवृत्तीत नम्र असतो, दुसऱ्यात टीकाकारांना उत्तर देतो. मुखपृष्ठावर पुरस्काराचा उल्लेख असेल तरीही तेच. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची आणि तिला ज्ञानपीठ मिळालं १९७४ साली. मुखपृष्ठावर ज्ञानपीठ झळकत असेल तर ती प्रत पहिलीच्या निदान पंधरा वर्षं नंतरची, मग विकणारा काहीही सांगो.

शुद्धलेखनसुद्धा साक्षीला येतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. एखाद्याने त्या सालची म्हणून प्रत पुढे केली आणि आत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ या शब्दांच्या डोक्यावर टिंबच नसलं, तर समजावं की अक्षरजुळणी नंतर नव्याने झाली आहे. डोळ्यांवर विश्वास नसेल तर बोटं आहेत. जुनी पुस्तकं खिळे जुळवून छापलेली. पानाच्या पाठच्या बाजूवर बोट फिरवलं की अक्षरांचे दाब हाताला लागतात, कुठे पूर्णविरामाने कागदाला भोकही पाडलेलं असतं. ऑफसेटवर छापलेलं पान दोन्हीकडून गुळगुळीत. दिवे गेले तरी ही परीक्षा करता येते.

आणि मराठी पहिल्या आवृत्तीचा खरा अलंकार म्हणजे शुद्धिपत्र. कित्येक जुन्या पुस्तकांच्या सुरुवातीला किंवा शेवटी ती चिटोऱ्याएवढी पट्टी असते. चार रकाने: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कधी चिकटवलेली, कधी नुसतीच आत सरकवलेली. ‘काळ’च्या जागी ‘काल’, ‘मन’च्या जागी ‘मान’, आणि एका जागी नायिकेच्या ऐवजी खलनायिकेचं नाव. इंग्रज प्रकाशकाने चूक गुपचूप सुधारली आणि संग्राहकाला भिंग घेऊन हिंडायला लावलं. आपल्या प्रकाशकाने चुकांची पृष्ठवार यादी करून स्वखर्चाने छापून दिली. दुसऱ्या आवृत्तीत शुद्धिपत्र नाहीसं होतं. कधी चुका सुधारल्या म्हणून, कधी नुसतंच शुद्धिपत्र काढून टाकलं म्हणून. ज्या प्रतीत ती सुटी पट्टी शाबूत आहे, तिच्या मालकाने पुस्तक जपलंय हे नक्की. किंवा उघडलेलं नाही.

ओळखणं इतकं सोपं, मग आपल्याकडे या पहिल्या आवृत्त्या दिसत का नाहीत? कारण आपण त्या वाचल्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती बहुधा हजाराच्या घरात आणि त्यांतला मोठा वाटा ग्रंथालयांचा. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी जॅकेट जायचं. मग पुस्तक बाइंडरकडे. तो तीन बाजूंनी कटाई करून समासाचा घास घ्यायचा, पाठीला कापड लावायचा आणि वर कार्यालयीन दप्तराचा असतो तो पुठ्ठा. ठरावीक पानांवर ग्रंथालयाचे शिक्के, दाखल क्रमांक, मागे तारखांची चिठ्ठी. त्यानंतर वाचक. ‘शेवट पटत नाही’, ‘नायक मूर्ख आहे’, ‘पुढच्या वाचकाने पान ११२ वगळावे’, असे पेन्सिलचे अभिप्राय. एखादे निवृत्त शिक्षक तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ तपासून देणारे. ज्या चुकांवर परदेशात लोक घरं घेतात, त्या आपल्याकडे मास्तरांनी विनामूल्य दुरुस्त केल्या.

घरांतल्या प्रतींवर निळ्या शाईने लिहिलेलं सापडतं: ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’, खाली काका-काकूंची सही आणि तारीख. इंग्रजी बाजारात असा अनोळखी मजकूर म्हणजे प्रतीचा भाव उतरला. तिथे सही हवी तर लेखकाची, आणि लेखकाने दुसऱ्या नामवंत लेखकाला लिहून दिलेलं असेल तर विचारायलाच नको. मला हे पटत नाही. शाईतली ती तारीख हा पुस्तकाच्या वयाचा पक्का पुरावा आहे, कारण त्या दिवशी ते पुस्तक नक्कीच छापून झालेलं होतं. शिवाय लग्नात कादंबरी भेट देणारे काका-काकू आता कुठल्याही भावात मिळत नाहीत.

हा सगळा वेडेपणाच, असं वहिनींचं मत आहे आणि आवाज न चढवता त्या ते दर रविवारी कपाट पुसताना सांगतात. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण ‘गॅट्सबी’ची एक हकीकत कळल्यापासून मी थोडा पलीकडच्या बाजूला सरकलो आहे. पहिलं मुद्रण सुमारे २१ हजार प्रतींचं होतं. ऑगस्ट १९२५ मध्ये दुसरं निघालं, फक्त ३,००० प्रतींचं. डिसेंबर १९४० मध्ये फिट्झजेराल्ड वारला, तेव्हा त्या दुसऱ्या मुद्रणाच्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात अजून पडून होत्या. आपलं पुस्तक फसलं, असं समजूनच तो गेला. पॉटरच्या ५०० प्रतींमागेही हेच होतं. यापेक्षा जास्त कोण घेणार, हा प्रकाशकाचा प्रामाणिक अंदाज. पुढची प्रत्येक आवृत्ती खात्रीची असते. पहिलीच्या वेळी कुणालाच काही ठाऊक नसतं. लेखकाचं नाव पुरतं ठरलेलं नसतं, पुरस्कार नसतो, प्रस्तावनेत ऐट नसते, प्रुफं घाईत वाचलेली असतात आणि कुणीतरी पदरचे पैसे घालून ते छापायचं ठरवलेलं असतं. ज्याला त्या क्षणाची किंमत मोजावीशी वाटते त्याला मी वेडा म्हणणार नाही. वाचायला मात्र मी सुधारलेली आवृत्तीच घेतो, आणि तुम्हीही तीच घ्या.

एक विनंती तेवढी आहे. २०२५ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये एका घराची आवराआवर करताना साध्या फळीवर ‘हॉबिट’च्या पहिल्या मुद्रणाची प्रत सापडली आणि ती ४३,००० पौंडांना विकली गेली. आपल्याकडे एवढे पैसे मिळणार नाहीत, तेव्हा लोभ नको. पण आजोबांची पुस्तकं रद्दीत घालण्याआधी प्रत्येकाचं ते दुसरं-तिसरं पान एकदा उघडून बघा. एकच आवृत्ती लिहिलेली असेल तर पुस्तक बाजूला ठेवा, बाइंडरकडे देऊ नका, आतली चिठ्ठी फेकू नका, चुका दुरुस्त करू नका. स्वतःला नको असेल तर जुनी पुस्तकं जपणाऱ्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा. आणि जॅकेट कितीही फाटकं असलं तरी ते आधी उचला. भाव त्यालाच जास्त असतो.